तक्रार विभागातल्या नोत्सुसान

नोत्सु शिगेको या बाईंची (सगळे त्यांना आदराने नोत्सुसान म्हणतात) आणि माझी ओळख जपानातल्या मात्सुए शहरात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाली. दर गुरुवारी दुपारी तिथे आम्ही काही माणसं स्वतःला कमी शिव्या कशा द्याव्यात हे शिकायला जमायचो. मी तिथे का जात होतो ते इथे सांगत बसत नाही. मी किल्ल्याच्या खंदकात पर्यटकांची होडी चालवतो, फुकुमा माझं आडनाव, एवढं पुरे.

नोत्सुसान तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि एका लोणच्याच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायच्या. बरणीचं झाकण निघत नाही, मुळा कडक लागतो, मागच्या वर्षी रंग जास्त पिवळा होता, अशा तक्रारी दिवसभर यायच्या. एका बाईने तर लोणच्याचं पाणी चहा समजून पाहुण्यांना दिलं होतं आणि त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरलं होतं. कंपनीचा नियम ठरलेला होता. आधी समोरच्याला काही इजा झाली का ते विचारायचं, मग माफी मागायची, मग पत्ता घेऊन नवी बरणी पाठवायची. नोत्सुसान फोनवरही कमरेतून वाकून माफी मागायच्या. कपाळ टेबलावर आपटायचं, म्हणून कंपनीने त्यांची खुर्ची जरा मागे घेऊन दिली होती.

कंपनीत त्यांच्याबद्दल आदर होता. चिडलेला माणूस नोत्सुसानकडे जोडून दिला की दहा मिनिटांत तो स्वतःच "तुमची काय चूक म्हणा" असं बोलू लागायचा. अडचण अशी होती की काम सुटल्यावरही त्यांचं काम सुटत नसे. दुकानाचं आपोआप उघडणारं दार जरा उशिरा उघडलं की त्या दाराची माफी मागत. बसमध्ये कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला, तर आपला पाय तिथे ठेवल्याबद्दल त्या त्याचीच माफी मागत. दिवाळं निघालेल्या एका कपड्याच्या दुकानात त्यांनी पुतळ्याचीही माफी मागितली होती. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं आणि सांगण्यात वेळ घेतल्याबद्दल आमची माफी मागितली.

घरी मात्र उलटं चालायचं. भात जरा खाली लागला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "गाढव! साधा भात येत नाही. घोडी झाली एवढी, अक्कल कवडीची नाही."

त्यांचे यजमान तोकुजी बसचालक होते, आता निवृत्त. ते एकदा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "कुणाशी बोलतेस गं?"

"माझ्याशी."

"मग जरा हळू बोल. बातम्या लागल्यात."

त्यांच्या संसारात या विषयावर एवढीच चर्चा झाली होती.

एका एप्रिलमध्ये नोत्सुसानचा आवाज गेला. लोणचं खारट लागतं म्हणून कुणा गृहस्थाचा फोन होता. नोत्सुसान वाकल्या, तोंड उघडलं, पण माफीचा शब्द काही बाहेर येईना. नुसती हवा येत होती. "हॅलो? आता बोलणारही नाही का तुम्ही?" असं म्हणून त्या गृहस्थाने ही दुसरी तक्रारही नोंदवून घ्या म्हणून सांगितलं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, "घसा उत्तम आहे. या वयात इतका चांगला घसा आम्हाला फारसा बघायला मिळत नाही." नोत्सुसाननी हवेच्याच आवाजात डॉक्टरांचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागायचा प्रयत्न केला. डॉक्टर हुशार असावेत. त्यांनी विचारलं, "घरीही असंच होतं का?"

तोकुजी सोबत होते. ते म्हणाले, "नाही हो. स्वतःला शिव्या घालताना आवाज खणखणीत येतो."

डॉक्टरांनी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

वरच्या खोलीतल्या समुपदेशक कादोवाकी सेन्सेई, म्हणजे आमच्या गुरुबाई, चाळिशीच्या, ठेंगण्या, नेहमी जवाचा चहा भांडंभर घेऊन बसणाऱ्या. आमच्या गटात आणखी एक ओकुमुरा आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली ओळख करून दिली, "मला सुनेनं पाठवलंय. मला लाजच वाटत नाही, हा माझा आजार आहे असं तिचं म्हणणं. इथे तुम्हा सगळ्यांना लाज फार झालीय असं दिसतंय. बघा, थोडी इकडे देता आली तर."

सेन्सेईंचं म्हणणं साधं होतं. चूक झाली की मैत्रिणीला जे बोलतो ते स्वतःला बोलायचं. छातीवर हात ठेवायचा, सावकाश श्वास घ्यायचा, आता मला त्रास होतोय हे कबूल करायचं, असा त्रास सगळ्यांनाच होतो हे आठवायचं, आणि मग दोन शब्द मायेचे बोलायचे. मला हे पोरकट वाटलं होतं. ओकुमुरा आजी तर सरळ म्हणाल्या, "छातीवर हात मी फक्त जळजळलं की ठेवते."

नोत्सुसान घरचा अभ्यास मन लावून करायच्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "रोज हात ठेवला. पण माझा हात गार असतो. छातीला गार लागलं असणार. फार वाईट वाटलं."

"मग काय केलंत?" सेन्सेईंनी विचारलं.

"छातीची माफी मागितली. मग स्वतःवर माया करायचं सोपं कामही आपल्याला जमत नाही म्हणून स्वतःला बोलले. जरा जास्तच बोलले."

"अगदी हातचं राखून नाही ना ठेवलं काही?" आजी म्हणाल्या.

सेन्सेईंनी मग एक चूक केली. आम्हा सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की प्रत्येकाने नोत्सुसानबद्दल एकेक चांगली गोष्ट बोला. मी म्हणालो, "त्यांच्याशी बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं." खरंच तसं वाटायचं. आजी म्हणाल्या, "दात चांगले आहेत." आणखी कुणी काही बोलायच्या आत नोत्सुसान उठल्या, प्रसाधनगृहात गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. सेन्सेई दाराशी उभं राहून बोलल्या, मग नुसत्याच उभ्या राहिल्या. बैठक संपली, आम्ही जिना उतरलो, तरी त्या आतच होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण न येणं म्हणजे सेन्सेईंचा अपमान, म्हणून त्या आल्या. सेन्सेई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नोत्सुसान, मागच्या वेळी मी घाई केली. ज्याच्याशी कधी कुणी गोड बोललं नाही, त्याच्याशी एकदम सगळ्यांनी गोड बोलायचं म्हणजे मारच तो. मला कळायला हवं होतं. संध्याकाळभर मला वाईट वाटत होतं. मग मी सोबा नूडल्स खायला गेले."

नोत्सुसान त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सोबा?"

"हो. भूक लागली होती."

"चूक केल्यावर?"

"चूक केल्यावरही लागते भूक."

पुढे नोत्सुसाननी मला सांगितलं, की चूक करून लगेच जेवायला गेलेलं माणूस त्यांनी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

पावसाळा संपता संपता, एका गुरुवारी सेन्सेईंनी तीन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीत बसून स्वतःला ओरडणाऱ्या आवाजाने बोलायचं, दुसऱ्या खुर्चीत ते ऐकून घेणाऱ्याने काय वाटतं ते सांगायचं. तिसरी खुर्ची रिकामी ठेवली होती. मी आधी प्रयत्न केला होता आणि मला हसू आलं होतं. नोत्सुसान पहिल्या खुर्चीत बसल्या आणि कुणालाच हसू आलं नाही. त्यांचा आवाज स्वच्छ फुटला. पाठ ताठ झाली. चेहरा दुसऱ्याच बाईचा झाला.

"अशीच आहे ही," त्या म्हणाल्या. "काही हातात द्यायच्या लायकीची नाही. माफ करा. अशीच आहे ही."

सेन्सेईंनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"आई."

मग ती गोष्ट बाहेर आली. त्या अकरा वर्षांच्या असताना, डोंगरातल्या त्यांच्या गावच्या शाळेत दुपारचं जेवण वर्गात वाढायची पाळी मुलांकडे असायची. त्या दिवशी करी होती. करी महिन्यातून एखाद्याच वेळी असायची आणि सगळा वर्ग सकाळपासून तिची वाट बघत होता. मोठं पातेलं दोघींनी धरायचं, पण जोडीदारीण आली नव्हती, म्हणून शिगेकोने ते एकटीने उचललं. जिन्यात पाय सटकला. पातेलं गडगडत खाली गेलं. वर्गाने त्या दिवशी पाव आणि दूध घेतलं. शिक्षक म्हणाले, "आज शिगेकोमुळे आपल्याला करी नाही." एवढं बोलून ते पुढच्या धड्याकडे वळले.

संध्याकाळी आई तिला घेऊन वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी गेली. बरोबर द्यायला लाल चवळीच्या गोड वड्या. प्रत्येक दाराशी आई वाकायची, तिच्या डोक्यावर हात ठेवून तिलाही वाकवायची, आणि म्हणायची, "अशीच आहे ही, माफ करा." लोक म्हणायचे, "असू दे हो, पोर आहे." पण आई पुढच्या दाराकडे निघालेली असायची. गाव डोंगरात पसरलेलं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि ते घर झोपलं होतं. आईने त्यांना उठवलं.

सेन्सेईंनी पहिल्या खुर्चीला विचारलं, "तुम्ही हिला एवढं का ओरडता?"

नोत्सुसान त्याच ताठ आवाजात म्हणाल्या, "नाही ओरडलं तर पुन्हा सांडेल."

"भीती वाटते तुम्हाला."

"वाटणार नाही तर काय?"

मग सेन्सेईंनी त्यांना तिसऱ्या खुर्चीत बसायला सांगितलं. इथून त्या अकरा वर्षांच्या मुलीशी बोला, म्हणाल्या. ती जिन्यात बसलीय असं समजा. नोत्सुसान बसल्या. तोंड उघडलं. पुन्हा नुसती हवा. दोनदा, तीनदा. मला वाटलं आता पुन्हा प्रसाधनगृह. सेन्सेई मदतीला गेल्या नाहीत, चहा पीत बसून राहिल्या.

शेवटी नोत्सुसाननी उजवा हात कानाशी नेला, जणू हातात फोन आहे. सवयच ती. आणि कामावरचा तो मऊ, थोडा अनुनासिक आवाज आला.

"फोन केल्याबद्दल आभारी आहोत. मी नोत्सु बोलतेय. आपल्याला काही इजा तर झाली नाही ना?"

एवढं बोलून त्या थांबल्या. हात कानाशीच होता. मग त्यांनी तो हळूच खाली आणला, वाकल्या, आणि डाव्या पायातला मोजा काढला. ऐन उकाड्यातही त्या जाड मोजे घालत, ते आम्ही पाहिलं होतं. पाय गार पडत असतील असं वाटायचं. घोट्याच्या वर चांगला हातभर नाही, पण तळहाताएवढा जुना डाग होता, चकचकीत, गुलाबी.

"भाजलं होतं," त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "करी गरम होती ना. मी कुणाला सांगितलंच नाही. सांडणारीला भाजलं म्हणून सांगायचा काय अधिकार? तसेच मोजे चढवले आणि घरोघर हिंडले."

"त्या मुलीला काय म्हणाल?" सेन्सेईंनी विचारलं.

"आधी मोजा काढ म्हणेन. पाणी ओत म्हणेन." मग त्या डागाकडे बघत, "एवढं मोठं पातेलं एकटीनं उचलायला कुणी सांगितलं होतं गं तुला?"

हे बोलून त्या रडल्या. मोठ्याने, नाक ओढत, अजिबात माफी न मागता. ओकुमुरा आजींनी पिशवीतून टॉवेल काढून दिला. "धुतलेला आहे," म्हणाल्या. "सुनेनं धुतलाय, म्हणजे नीट असेल."

यानंतर सगळं छान झालं असं नाही. त्यानंतरचे काही आठवडे नोत्सुसान विलक्षण चिडक्या झाल्या. रात्री झोप लागेना, जेवण जाईना. एका बैठकीत त्या सेन्सेईंवरच उसळल्या, "माझं बरं चाललं होतं! आवाज तेवढा गेला होता!"

"असं होतं," सेन्सेई म्हणाल्या. "आत पहिल्यांदा माया शिरली की जुनं दुखणं बाहेर पडतं. आपण वेग कमी करू. या आठवड्यात स्वतःशी गोड बोलायचं नाही. फक्त रोज आंघोळीनंतर त्या पायाला तेल लावायचं."

"बस?"

"बस."

तेल लावणं नोत्सुसानना जमलं. त्याला शब्द लागत नव्हते. तोकुजींनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे कधीचं?" लग्नाला तीस वर्षं झाली होती. नोत्सुसाननी सांगितलं. त्यांनी बातम्या बंद केल्या आणि सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तो मास्तर जिवंत आहे का?" नव्हता. "बरं झालं," एवढं म्हणून ते पुन्हा बातम्यांकडे वळले. त्यांच्याकडून एवढंच येईल अशी नोत्सुसानची अपेक्षा होती. ते त्यांना पुरलं.

हिवाळ्यात त्या आईला भेटायला गेल्या. आई डोंगरातल्याच एका वृद्धाश्रमात होती, पंच्याऐंशीची, कान शाबूत, स्मरण येऊनजाऊन. नोत्सुसाननी संत्री सोलून देत देत विषय काढला. शाळेतली करी आठवते का?

"कसली करी?"

"मी सांडली होती. आपण घरोघर गेलो होतो."

आईने खूप वेळ विचार केला. "ओकुदाबाईच्या घरी गेलो होतो. तिचा कुत्रा चावरा होता."

"हो. त्या दिवशी माझा पाय भाजला होता, आई."

"भाजला? मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

आईने संत्र्याची फोड तोंडात टाकली, चावली, बी हातात काढली. "मला तरी कुठे कुणी काय विचारत होतं," ती म्हणाली. "तुझे बाबा नुकतेच गेले होते. गावानं वाळीत टाकलं तर पोरगी घेऊन कुठे जाऊ, एवढंच होतं डोक्यात." मग तिने मुलीच्या पायाकडे पाहिलं. "दुखतो का अजून?"

"नाही."

"बरं. ते संत्रं गोड आहे, दुसरं काढ."

नोत्सुसान हे आम्हाला सांगत होत्या तेव्हा मी विचारलं, "मग? राग गेला?"

"अर्धा गेला," त्या म्हणाल्या. "अर्धा आहे. सेन्सेई म्हणतात असू दे."

आवाज वसंतात पूर्ण परत आला. त्या पुन्हा फोनवर बसल्या. पण कामात फरक पडला, आणि तो कंपनीला लगेच जाणवला. विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. "नोत्सुसान, तुम्ही पूर्वीसारखी माफी मागत नाही असं कानावर आलंय."

"जिथे चूक आहे तिथे मागते."

"आणि जिथे नाही?"

"तिथे विचारपूस करते. काल एक गृहस्थ म्हणाले लोणच्याला वास येतो. बरणी सगळा उन्हाळा गाडीत ठेवली होती त्यांनी. मी म्हटलं, ते खाऊ नका, पोट बिघडेल. आधीच बिघडलंय का ते विचारलं. नवी बरणी नाही पाठवली."

"चिडले असतील."

"चिडले. मग बायको गेल्यापासून फ्रिज बघायला कुणी नाही म्हणाले. तासभर बोललो."

विभागप्रमुखांनी नोत्सुसानची खुर्ची पुन्हा टेबलाजवळ सरकवून दिली, कारण आता कपाळ आपटायचा धोका उरला नव्हता.

घरी भात अजूनही कधी कधी लागतो. "गाढव" हा शब्दही येतो, सवयीने. पण त्याच्या पुढचं वाक्य बहुतेक वेळा येत नाही. तोकुजींचं म्हणणं, की त्यांना आता बातम्या नीट ऐकू येतात. ओकुमुरा आजींनी गट सोडला. सुनेच्या मते त्या अजिबात सुधारल्या नाहीत. आजींच्या मते सुनेला एकदा इथे पाठवायला हवं.

गेल्या शरदात नोत्सुसान तोकुजींना घेऊन माझ्या होडीत बसायला आल्या. आमच्या खंदकावरचे काही पूल फार बुटके आहेत. पूल आला की होडीचं छत खाली येतं आणि सगळ्या प्रवाशांना पुढे वाकावं लागतं. मी नेहमीप्रमाणे ओरडून सांगितलं, गाण्याची एक ओळ म्हटली, आणि छत खाली घेतलं. सगळे वाकले. नोत्सुसान त्या वेळी पाण्यातल्या बगळ्याकडे बघत ताठ बसल्या होत्या. छत त्यांच्या डोक्याला लागलं, फार नाही, पण लागलं.

"आई गं!" त्या ओरडल्या. मग पुलाखालच्या अंधारातून स्पष्ट आवाज आला, "अहो फुकुमासान, जरा आधी सांगायचं की! माणसं बसलीत इथे, बटाटे नाहीत!"

"सांगितलं होतं हो मी."

"गाणं म्हणत होता तुम्ही. त्यात कुणाला कळणार?"

तोकुजी वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "मला कळलं होतं."

"तुम्ही गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या होडीच्या कार्यालयात फोन करून तक्रार नोंदवली. आयुष्यातली त्यांची पहिली तक्रार. फोन घेणाऱ्या तिथल्या पोरीने त्यांची माफी मागितली. संध्याकाळी नोत्सुसाननी मला फोन करून कळवलं, की मुलगी चांगली आहे, पण माफी मागायच्या आधी डोकं दुखतंय का ते विचारायला हवं होतं; तिला समजावून सांगितलंय. कार्यालयाने मला गाणं पुलाच्या आधी संपवायची सूचना दिली आहे. मी अजून पुलाखालीच म्हणतो.